दारात अडवलेला वानरराजा

स्वर्गात मेजवानी आहे. देव, देवी, असुर, नाना प्रकारचे आत्मे, सगळे जमले आहेत. पेयांचा आणि पक्वान्नांचा दरवळ खाली पृथ्वीवरच्या फुलाफळांच्या डोंगरापर्यंत पोचला आहे. त्या डोंगराचा राजा एक वानर. शूर, विद्यावान आणि प्रजेचा लाडका. तो ढगावर स्वार होऊन मेजवानीला निघतो. दारावरचा रखवालदार त्याला अडवतो. कारण काय, तर पायांत जोडे नाहीत. वानरराजा आपली विद्या सांगतो, पदवी सांगतो. तेव्हा रखवालदार मनातले बोलून टाकतो. तू राजा असशील, देवही असशील, पण आहेस शेवटी माकड. हे ऐकून सारी सभा खो खो हसते.

वाचक बंधू-भगिनींनो, हे दार आपल्या ओळखीचे आहे. कोणाला ते देवळापाशी भेटले, कोणाला पाणवठ्यावर, कोणाला भाड्याची खोली शोधताना. म्हणूनच या आठवड्यात आम्ही आपल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी एका परदेशी पुस्तकाची ओळख करून देत आहोत. पुस्तक इंग्रजी आहे. नाव ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’, म्हणजे अमेरिकेत जन्मलेला चिनी. लेखक आणि चित्रकार एकच, जीन लुएन यांग. रंग भरले आहेत लार्क पिएन यांनी. प्रकाशन २००६ साली झाले.

ही चित्रकादंबरी आहे. म्हणजे पोरे वाचतात त्या कॉमिकसारखीच चौकटी-चौकटींनी सांगितलेली, पण एका दमाची, दोनशेवर पानांची, मोठी गोष्ट. यांग यांचा जन्म १९७३ सालचा, कॅलिफोर्नियातला. आईवडील चिनी, बाहेरून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. ओकलंड शहरातल्या एका शाळेत यांग मुलांना कॉम्प्युटर शिकवत. सुरुवातीला ते या गोष्टीचे एकेक प्रकरण काढायचे, त्याच्या झेरॉक्स प्रती करायचे, हाताने पिना मारायचे आणि थोड्याफार प्रती विकायचे. आपल्या चळवळीतली कितीतरी अनियतकालिके अशीच निघाली, हे जाणत्यांना सांगायला नको. पुढे याच पुस्तकाने अमेरिकेच्या नॅशनल बुक ॲवॉर्डच्या अंतिम यादीत जागा मिळवली. तोवर कोणतीही चित्रकादंबरी तिथवर पोचली नव्हती. २००७ साली तरुण वाचकांच्या साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कारही तिला मिळाला. तोही चित्रकादंबरीला प्रथमच. कॉमिक म्हणजे वाया गेलेल्या पोरांचे वाचन, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

गोष्टीचे मूळ

वानरराजाची कथा यांग यांची नाही. ती चीनमधल्या घराघरांत आज्या नातवंडांना सांगत आल्या. सुन वुकोंग हे त्या वानराचे नाव. कथेकऱ्यांनी आणि नाटकवाल्यांनी शेकडो वर्षे ती रंगवली आणि सोळाव्या शतकात तिची शंभर प्रकरणांची कादंबरी झाली. तिची सर्वांत जुनी उपलब्ध छापील प्रत १५९२ सालची आहे. वू छंग-अन हे तिचे कर्ते मानले जातात. कादंबरीचे नाव ‘पश्चिमेची यात्रा’. आता ही पश्चिम कोणती? चीनच्या पश्चिमेला भगवान बुद्धांचा देश, म्हणजे आपलाच देश!

कारण या लोककथेच्या मुळाशी एक खराखुरा भिक्खू आहे. युआन श्वांग. जुन्या शालेय पुस्तकांत त्यांचे नाव ह्युएनत्संग असे छापलेले असे. धम्माचे मूळ ग्रंथ हवेत म्हणून इ. स. ६२९ मध्ये बादशहाची परवानगी नसताना हा भिक्खू एकटा निघाला. वाळवंट, बर्फाचे डोंगर, चोर-दरोडेखोर, सगळ्यांतून वाट काढत भारतात आला, नालंदेत आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. अशा माणसाभोवती लोकांनी कथा रचल्या नसत्या तरच नवल. एकट्या भिक्खूला सोबत हवी म्हणून लोककथेने त्याला शिष्य दिले. त्यांतला पहिला हा वानर. काही विद्वानांनी त्याचे नाते हनुमानाशी जोडले, काहींनी ते नाकारले. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.

आपल्याला महत्त्वाचे हे, की हा युआन श्वांग इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशी राजाचे राज्य त्याने पाहिले. येथली माणसे केलेला उपकार विसरत नाहीत आणि झालेला अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्खूंची नोंद केली आहे. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे, त्याच्या दाराबाहेरच्या दगडी हत्तींचे वर्णन केले आहे. ते वर्णन अजिंठ्याचे, असे अभ्यासक मानतात. आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली. खाटीक, कोळी, झाडूवाले यांना गावाबाहेर राहावे लागते आणि गावात शिरताना अंग चोरून एका बाजूने चालावे लागते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात याच प्रवाशाची साक्ष काढली आहे. म्हणजे ज्या भिक्खूवरून वानरराजाची कथा निघाली, त्याने दाराबाहेर ठेवलेली माणसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

तीन गोष्टी, एक जखम

यांग यांच्या पुस्तकात तीन गोष्टी आलटून पालटून चालतात. पहिली वानरराजाची.

दुसरी जिन वांग नावाच्या मुलाची. आईवडील चिनी, जन्म अमेरिकेतला. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाई त्याचे नाव चुकीचे सांगतात. हा चीनहून आला म्हणतात. तो तर सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला! एक पोरगा लगेच म्हणतो, ही माणसे कुत्री खातात. वर्गात दुसरे कोणी त्याच्याजवळ बसत नाही. पुढे तैवानहून वेई-चेन नावाचा मुलगा येतो. त्याला नीट इंग्रजी येत नाही. जिनला आधी त्याची लाज वाटते, मग दोघांची जिवाभावाची दोस्ती होते. मोठा झाल्यावर जिन एका गोऱ्या मुलीसाठी केस कुरळे करून घेतो, गोऱ्या वर्गमित्रासारखे दिसण्यासाठी. आणि एके दिवशी दोस्तालाच घाण शिवी देतो, नव्याने आलेल्यांना हिणवणारी शिवी. त्याच रात्री त्याच्या मनासारखे होते. सकाळी आरशात गोरा, सोनेरी केसांचा मुलगा उभा असतो. जिन वांग नाहीसा झालेला असतो.

तिसरी गोष्ट डॅनी नावाच्या गोऱ्या मुलाची. दरवर्षी त्याच्याकडे चीनहून एक चुलतभाऊ येतो. पिवळा जर्द, दात पुढे, डोक्याला शेंडी, तोंडाने वेडेवाकडे इंग्रजी. चिनी माणसाची जेवढी म्हणून टिंगल गोऱ्यांनी शंभर वर्षे वर्तमानपत्रांत आणि नाटक-सिनेमात केली, ती सगळी एका देहात कोंबलेली. टीव्हीच्या विनोदी मालिकेत असतो तसा हशा या चौकटींच्या खाली छापला आहे. डॅनीला एवढी शरम वाटते की भाऊ येऊन गेला की तो शाळाच बदलतो. हा भाऊ कोण आणि डॅनी कोण, हे वाचकाला शेवटी कळते. ते आम्ही येथे फोडणार नाही. मुलांची मजा जाईल.

ही टिंगल हवेतून आलेली नाही. रेल्वेचे रूळ टाकायला, खाणीत राबायला अमेरिकेने चिनी मजूर घेतले आणि १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. राबायला माणूस चालतो, शेजारी चालत नाही. हा न्याय आपल्याला नवा आहे काय?

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आपली सुटका नाही. त्या चुलतभावाचे नाव लेखकाने मुद्दाम एका शिवीवरून ठेवले आहे. तोच शब्द मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना ऐकावा लागतो. ‘चिंकी’. अनुसूचित जमातीच्या माणसाला या शब्दाने हिणवणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा धरावा, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ साली राज्यांना कळवले होते. ज्या कायद्यासाठी आपल्या माणसांनी मोर्चे काढले, त्याच कायद्याचे हे कलम. आपल्या वस्तीतले पोर हा शब्द गमतीने वापरत असेल तर आईने त्याच क्षणी कान धरला पाहिजे.

जोड्यांची गोष्ट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अपमान झाल्यावर वानरराजा काय करतो? आधी सगळ्या सभेला बदडून काढतो. इथवर आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण घरी परतल्यावर, स्वतःच्या महालात पाऊल टाकताच त्याला माकडांच्या केसांचा वास येतो. हा वास कालही होता. पण काल तो घराचा वास होता, आज ती घाण आहे. त्या रात्री त्याला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो फर्मान काढतो, डोंगरावरच्या प्रत्येक वानराने जोडे घालावेत. झाडावर चढणाऱ्या, फांदी पायाने धरणाऱ्या वानरांनी जोडे!

या दोन-चार पानांसाठी तरी हे पुस्तक घरात यावे, असे आम्हाला वाटते. रखवालदाराने दारात केलेला अपमान एका दिवसाचा. तोच अपमान घरी आणून आपल्या माणसांवर लादला की तो पिढ्यांचा होतो. कॉलेजात गेलेला मुलगा मित्रांना घरी आणत नाही. वस्तीचे नाव विचारले की जवळच्या सोसायटीचे नाव सांगतो. आई डबा घेऊन गेटवर आली तर ओळख दाखवत नाही. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहुणे यायच्या आधी आतल्या खोलीत जाते. हे सगळे तेच जोडे.

येथे कोणी म्हणेल, मग काय जुन्या लक्तरांतच राहायचे? नाही! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि ओळखीची खूण झालेले जुने दागिने सोडायला सांगितले आणि त्यांनी ते मानले. बाबासाहेब स्वतः सूट-बूट घालून वावरले. तेव्हा भांडण जोड्यांशी नाही. ज्या जोड्यांनी मान ताठ होते ते जरूर घालावेत. ज्या जोड्यांपायी आईच्या पदराचा वास नकोसा वाटू लागतो ते काढून फेकावेत. आणि पोटासाठी, भाड्याच्या खोलीसाठी कोणाला आडनाव गिळावे लागले तर आम्ही त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. दोष त्या दाराचा आहे. मात्र दारासाठी गिळलेले आडनाव घरातल्या मुलांपासूनही लपवायची वेळ येऊ देऊ नये.

आमचा मतभेद

पुस्तक चांगले म्हणून त्यातले सगळे मुकाट्याने घ्यावे, अशी आपली शिकवण नाही. एका ठिकाणी यांग यांच्याशी आमचे जुळत नाही आणि ते स्पष्ट सांगणे आमचे काम आहे.

जुन्या कथेत उन्मत्त वानराला कोणी आवरत नाही तेव्हा तथागत त्याच्याशी पैज लावतात. माझ्या तळहातावरून उडी मारून बाहेर जाऊन दाखव. वानर विश्वाच्या टोकापर्यंत उडतो, पाच खांब पाहतो, त्यांतल्या एकावर आपले नाव लिहून येतो. ते खांब तथागतांची बोटे निघतात. मग वानर डोंगराखाली पाचशे वर्षे अडकतो. यांग यांनी ही सगळी घटना घेतली, पण तथागतांना काढून तेथे एक निर्माता बसवला, ‘जो आहे तो’ अशा अर्थाच्या नावाचा. यांग स्वतः कॅथॉलिक ख्रिस्ती आहेत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांनी बदल केला. लोककथा ही कोणाच्या मालकीची नसते, तेव्हा तो त्यांचा अधिकार. पण बदलाने अर्थ बदलला, तो मुलांना कळला पाहिजे.

यांग यांचा निर्माता वानराला सांगतो, की मीच तुला वानर घडवले आणि त्यात माझी काही चूक झालेली नाही. आरशाला भिणाऱ्या चिनी मुलाला या बोलण्याने धीर येईल, हे आम्ही मान्य करतो. पण तेच बोलणे आपल्या वाडवडिलांच्या कानांवर वेगळ्या तोंडातून पडले होते. तुम्ही पायांतून जन्मलात, घडवणाऱ्याने तुम्हाला असेच घडवले, तेव्हा पायाशीच राहा! घडवणाऱ्याचे नाव पुढे केले की दाराला कुलूप घालणे सोपे जाते. रंग आणि नाकडोळे माणूस आईबापाकडून घेऊन येतो. अस्पृश्यता कोणी आईच्या पोटातून आणत नाही. ती बाहेरून डकवलेली असते. पहिल्याची लाज धरू नये, दुसरी अंगावर ठेवू नये. हा फरक पुस्तक सांगत नाही, तो घरात सांगावा लागेल.

आणि जुन्या कथेचा शेवट तर ऐका. तेथे वानर नुसता वानर म्हणून परत जात नाही. तो भिक्खूबरोबर चालतो, संकटांत उभा राहतो, ग्रंथ आणायला मदत करतो आणि शेवटी बुद्धपदाला पोचतो! स्वर्गाच्या दारात माकड म्हणून ज्याला अडवले, त्याला धम्माच्या वाटेवर शेवटची पायरीही बंद नाही. जन्म कोणता हे विचारलेच जात नाही, काय केलेस एवढेच पाहिले जाते. आम्हाला विचाराल तर लोककथेचा हा शेवट अधिक मोठा आहे.

यांग यांच्या पुस्तकात मात्र एक प्रसंग असा आहे की तो मूळ कथेहूनही मनाला भिडतो. त्यांचा भिक्खू, वोंग लाय-त्साओ, अगदी साधा माणूस. ना मोठा पंडित, ना वक्ता. वेशीबाहेरच्या भणंग लोकांना खाऊ घालणारा. तो डोंगराखालच्या वानराला सांगतो, तू आहेस तेवढा हो. फुगवलेला मोठेपणा सोडून वानर आपल्या मूळच्या लहान रूपात येतो आणि खडकाच्या फटीतून सहज बाहेर पडतो. पाचशे वर्षे खडकाने त्याला धरले नव्हते, त्याच्याच ताठ्याने धरले होते. पुढच्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी तो जोडे काढून ठेवतो.

आणखी एक तुलना मुलांशी बोलताना जरूर करावी. जिन वांगही बदलला आणि आपणही बदललो. तो रात्री, एकटा, लाजेपायी बदलला. दोस्ताला शिवी देऊन बदलला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे बदलली ती भर उजेडात, बायकापोरांसह, एकमेकांचा हात धरून. एकाने स्वतःला लपवले, दुसऱ्यांनी स्वतःला जाहीर केले. लपणे आणि बदलणे यांतला हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला पुस्तक कळले असे समजावे.

चित्रांतून गोष्ट

चित्रांतून गोष्ट सांगणे हा काही साहेबांचा शोध नव्हे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकात भिंतीभर जातककथा रंगवल्या गेल्या. त्यांतही एक वानरराजा आहे. महाकपी. राजाचे धनुर्धारी आंब्याच्या झाडाला वेढा घालतात तेव्हा तो नदीवर स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि सारा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. सांचीच्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावरही तो कोरलेला आहे. एका वानरराजाने प्रजेच्या पायांत जोडे अडकवले, दुसऱ्याने प्रजेच्या पायांखाली आपली पाठ दिली. नेता कसा असावा, यावर मुलांना वेगळे व्याख्यान देण्याची गरज नाही.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. २०११ साली निघालेल्या ‘भीमायन’ या चित्रकादंबरीत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आठवणी रंगवल्या. मसूर स्टेशनावर गाडीवाला मिळेना म्हणून ताटकळलेली लहान मुले त्यात आहेत. ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’वर २०२३ साली दूरचित्रवाणी मालिकाही आली. गंमत अशी, की पुस्तकातून तथागत गेले, पण मालिकेत बोधिसत्त्व ग्वानयिन आली. मिशेल योह या नटीने ती भूमिका केली. ग्वानयिन म्हणजे चिनी रूपातला अवलोकितेश्वर. तोच अवलोकितेश्वर बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत दगडात उभा आहे. रविवारी मुलांना घेऊन जा आणि दाखवा.

पुस्तकाचे इंग्रजी अवघड नाही. आठवी-नववीच्या मुलाला चित्रांच्या आधाराने बरेचसे लागेल. महाग वाटल्यास चार घरांनी मिळून एक प्रत घ्यावी, विहाराच्या वाचनालयात ठेवावी. मोठ्या बहिणीने वाचून धाकट्यांना मराठीत सांगावे. त्या टिंगलखोर चुलतभावाची पाने लहानांनी एकट्याने पाहू नयेत. लेखक हसवत नाही, आपल्या हसण्याला पकडतो आहे, हे कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवे. आणि वाचून झाल्यावर मुलांना तीनच प्रश्न विचारावेत. रखवालदाराने जोड्यांचे निमित्त का काढले? घरचा वास एका रात्रीत घाण कसा झाला? आणि तुला कधी, कुठे, असे जोडे घालावेसे वाटले?

तिसऱ्या प्रश्नाला मूल लगेच उत्तर देणार नाही. घाई करू नये. भाकरी थापता थापता, दिवा मालवताना कधीतरी ते आपणहून सांगेल. त्या वेळी रागावू नका, उपदेशही करू नका. आधी नीट ऐकून घ्या.